लदेणीपासून टिपरपर्यंत

(संघाच्या किनवट येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आमची सारी हयात खडू आणि फळा यांच्या संगतीत गेली. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा टिपर आणि ट्रक यांच्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारल्यास वावगे होणार नाही. परंतु या विषयाशी आमचा संबंध एका सहीने जडला आहे, आणि ती सही आम्हांस स्वस्थ बसू देत नाही.

काही वर्षांपूर्वी नात्यातील एका तरुणाने कर्ज काढून जुना टिपर घेतला. जामीन म्हणून आम्ही सही केली. हप्ता किती, मुदत किती, व्याज किती, हे सारे आम्ही मास्तरकीच्या चोखपणाने विचारले. ब्रेक कसे आहेत, चालक किती तास झोपणार, हे विचारण्याचे मात्र आम्हांस सुचले नाही. पुढे रस्त्याच्या एका कामावर मुरमाच्या खेपा सलग दोन रात्री चालल्या. तिसऱ्या पहाटे चालकाचा डोळा लागला, गाडी बांधावर चढून कलंडली आणि क्लीनरचा एक पाय कायमचा गेला. तो मुलगा आमच्याच हाताखाली शिकलेला. दोषाचा निवाडा करताना आम्ही स्वतःस वगळू शकत नाही.

बंधूंनो, आपला बंजारा समाज मूळचाच वाहतुकीचा. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्यापूर्वी धान्य आणि मीठ मुलूखभर पोचविणारी लदेणी आपल्या पूर्वजांची होती. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे; आणि पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी लिहितो की, हे तांडे दिवसाकाठी सहा-सात मैलच चालत. एवढे थोडे का? बैल वाटेत चरला पाहिजे, विसावला पाहिजे, आणि उद्या पुन्हा गोणी उचलण्याजोगा राहिला पाहिजे. आजचा लोभ उद्याच्या चालीस मारक ठरू नये, हे पाहणे नायकाचे काम होते. आज बैलाची जागा टिपराने घेतली. नायकाची जागा मात्र रिकामीच राहिली आहे. ती गाडीमालकाने घेतली पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.

पहिली गोष्ट भाराची. दहा चाकी टिपराचे मालासह एकूण वजन २०१८ च्या नियमाप्रमाणे २८.५ टन ठरले आहे. रिकामी गाडी ११ टनांची धरली, तर मालास १७.५ टन उरतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी रेती ब्रासला सुमारे साडेचार टन भरते, ओली त्याहून अधिक. म्हणजे चार ब्राससुद्धा पुरते मावत नाहीत. पाच ब्रास भरले, तर पाच टन जास्त. १ सप्टेंबर २०१९ पासून त्यास दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये. एकूण ३०,००० रुपये. हा झाला पकडले गेल्यावरचा हिशेब. न पकडले तरी पाटे, टायर आणि ब्रेक आपला दंड वसूल करतातच. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की, आसावरचा भार सव्वापट झाला की रस्त्याची झीज सुमारे अडीच पट होते. म्हणजे जो रस्ता बांधण्यासाठी आपण गिट्टी वाहतो, तोच आपण मोडतो.

दुसरी गोष्ट माणसाची. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने अशा कामगारांस दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यास लागू होता. पण झोप काही कामगारांची संख्या पाहून येत नाही. तसेच मालावर माणूस बसवू नये. २० ऑगस्ट २०२१ रोजी बुलढाणा जिल्ह्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामाचे लोखंडी गज नेणारे वाहन उलटले आणि त्यावरचे १३ मजूर प्राणास मुकले. घरापासून शेकडो कोस दूर पोट भरण्यास आलेली ती माणसे होती. आपल्या तांड्यांतूनही माणसे अशीच कामास जातात, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट निगेची. सकाळी गाडी काढण्यापूर्वी ब्रेक, टायर, दिवे पाहावेत. हौदा उचलण्यापूर्वी वर विजेची तार नाही ना, हे पाहावे. उचललेल्या हौद्याखाली भक्कम आधार लावल्यावाचून कोणीही शिरू नये. मालावर ताडपत्री असावी, कारण उडणारी धूळ रस्त्याकाठच्या शाळेतील लेकरांच्या छातीत जाते. उभ्या गाडीचे इंजिन बंद करावे आणि जाता-येता माल मिळेल अशी खेपांची जुळणी करावी; त्यात डिझेलही वाचते. आणि पैनगंगेची रेती परवान्याबाहेर उचलू नये. नदी खरवडली की विहिरी आटतात, आणि त्या विहिरी आपल्याच शेतांत आहेत.

यावर तरुण म्हणतील, "गुरुजी, ठेकेदार ब्रासवर पैसे देतो. आम्ही कमी भरले तर काम दुसऱ्यास मिळते आणि हप्ता थकतो." ही अडचण खरी आहे, आणि एकट्याने ती सुटणार नाही. म्हणूनच ती संघापुढे मांडतो. तालुक्यातील आपल्या सर्व गाडीमालकांनी एकत्र बसून, ठरल्या वजनावर कोणीही भरणार नाही असा निश्चय करावा, आणि ठेकेदाराशी दराचे बोलणे एकमुखाने करावे. एकटा बैल मुलूख ओलांडीत नव्हता. तांडा ओलांडीत होता.

आणि आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी जामिनाची सही करण्यापूर्वी हप्त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: वजन किती भरणार? चालक झोपणार केव्हा? ब्रेक कोणी तपासले? आम्ही ते वेळीच विचारले नाहीत. आपण विचारावेत, एवढी विनंती करून आमचे भाषण संपवितो.