हौदातला उंदीर
अपस्मार म्हणजे नुसतं फिट येणं नव्हे; स्मरणावर आणि मनावरही त्याचा परिणाम होऊ शकतो. संशोधक हे उंदरांवर तपासतात. काचबिंदूवर थेंबांतून देतात ते पायलोकार्पिन मोठ्या मात्रेत टोचलं, की उंदराला बराच वेळ झटके येतात. मग काही दिवस-आठवडे सारं शांत, आणि पुढे फिट्स आपोआप येऊ लागतात. अशा उंदराला गढूळ पाण्याच्या गोल हौदात सोडतात. रिचर्ड मॉरिस यांची ही १९८१ची चाचणी. पाण्याखाली दडलेला चौथरा कुठे आहे, हे निरोगी उंदीर काही फेऱ्यांतच लक्षात ठेवतो. फिट्स येणारा बिचारा बहुधा कडेकडेनं पोहत राहतो. त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाला, इजा झालेली असते. अर्थात, पोहणं हाच उंदराला ताण! विसरला की घाबरला, हे ठरवणं अवघडच. घरात कुणाला फिट्स येत असतील, तर विसरभोळेपणा, धास्ती, एकलकोंडेपणा हेही डॉक्टरांना जरूर सांगा.