कॅप्टन पोतदारांची चौथी पाळी



युद्धभूमीवरून पडद्यावर गेलेला माणूस म्हटलं की आपल्या सोलापुरात पहिलं नाव निघणार डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. पण ते स्वतः पडद्यावर गेले नाहीत. १९३८ साली ते चीनच्या युद्धभूमीवर गेले, १९४२ साली तिथेच वारले, आणि त्यांच्यावरच्या १९४६च्या चित्रपटात त्यांची भूमिका केली व्ही. शांतारामांनी. मला आज बोलायचंय ते वर्दी उतरवून स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाबद्दल. त्यांचं नाव अच्युत पोतदार.

बघा, मागच्या रांगेतल्या मुलांना नाव लागलं नाही. ‘थ्री इडियट्स’मधले मशीनची व्याख्या विचारणारे सर म्हणतो. हं, आता हसलात!

पोतदारांचा जन्म २२ ऑगस्ट १९३४चा, जबलपूरचा. बालपण इंदूरला गेलं. रीवा इथं प्राध्यापकी केली, मग लष्कर. साठच्या दशकात देशानं १९६२ आणि १९६५ अशी दोन युद्धं पाहिली. १९६२च्या चीन युद्धानंतर तर सैन्याला शिकलेले तरुण अधिकारी घाईनं हवे होते. १९६७ साली पोतदार कॅप्टन म्हणून सैन्यातून बाहेर पडले आणि इंडियन ऑइलमध्ये लागले. १९६४ साली उभी राहिलेली ही कंपनी तेव्हा नवीच होती. तिथं जवळजवळ पंचवीस वर्षं काढून १९९२ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले.

गिरणीत पाळ्या तीनच असत. या माणसानं वर्ग, छावणी आणि कचेरी अशा तिन्ही भरल्या आणि वर चौथीही केली. तीही कचेरी सुटण्याची वाट न बघता. गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ १९८०चा आणि ‘अर्धसत्य’ १९८३चा. ‘तेजाब’, ‘परिंदा’ही निवृत्तीच्या आधीचेच. पंचेचाळिशी ओलांडलेला, पगार चालू असलेला माणूस सिनेमात आला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. छोट्या भूमिकांवर घर चालवायचं म्हटलं की नटाच्या चेहऱ्यावर एक अजिजी येते. पोतदारांच्या चेहऱ्यावर ती कधी दिसली नाही. बँकेतून, एसटीतून, शाळेतून सुटून राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला धावणारी मंडळी इथं बसली आहेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

नायकाला स्वतःची ओळख करून द्यायला अडीच तास मिळतात, चरित्र अभिनेत्याला दीड मिनिट. दार उघडून आत आला की याच्या सहीनं कागद हलतात, हे प्रेक्षकाला तिथल्या तिथं पटावं लागतं. ताठ पाठ, तुटक बोलणं, समोरच्याकडे चष्म्यावरून बघणं हे शिकवायला दिग्दर्शकाला सवड नसते. ते आधीच्या आयुष्यातून घेऊन यावं लागतं. व्हिएतनाममध्ये राहून आलेला ली अर्मी हा अमेरिकन मरीन १९८७च्या ‘फुल मेटल जॅकेट’मध्ये रंगरूटांना झोडपणारा शिक्षक झाला, प्रत्यक्षातही तो तेच काम करत असे. त्यानं वर्दी पडद्यावर नेली. पोतदार लोकांच्या लक्षात राहिले ते साध्या कपड्यांतल्या भूमिकांत. ‘रंगीला’तला मिलीचा बाप घ्या. घरातला साधा मध्यमवर्गीय माणूस, त्यात कॅप्टन शोधूनही सापडत नाही.

आणि ‘थ्री इडियट्स’मधला तो वर्ग. आमिर खान एका दमात पुस्तकाची लांबलचक व्याख्या म्हणतो. खरी मेहनत त्याची. पण थिएटर फुटतं ते पोतदारांच्या ‘अरे, कहना क्या चाहते हो?’ला. ते ओरडत नाहीत, वैतागलेले आहेत. पुढच्या तासाला उशीर होत असलेल्या मास्तरचा तो वैताग आहे. रीव्याची प्राध्यापकी इथं कामाला आली, असं मी खुशाल म्हणेन. पुरावा मागू नका.

सव्वाशेच्या वर चित्रपट झाले, शिवाय मालिका, नाटकं, जाहिराती. पंच्याऐंशी उलटल्यावर ‘माझा होशील ना’मध्ये ते अप्पा झाले आणि घरोघरच्या आज्यांनाही माहीत झाले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात ते गेले, एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला चार दिवस असताना. हे अप्पा सैन्यात कॅप्टन होते, हे अनेकांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळलं.