एक खोली आणि साठ दिवस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



अभ्यासवर्गात घराला एक खोली वाढविण्याच्या परवानगीवर बोलावे, हे काहींना विजोड वाटेल. परंतु शासनसंस्था म्हणजे काय, हे सामान्य माणसाला ग्रंथांतून कळत नसते. नगरपालिकेच्या खिडकीपाशी कळत असते.

दोन खोल्यांत सहा माणसे राहतात. मुलाचे लग्न ठरते, म्हणून परसात एक खोली काढावयाची. विटा उतरल्या की चार दिवसांत कुणीतरी येऊन उभा राहतो, नोटिशीची भीती घालतो आणि तडजोड सुचवितो. खोली उभी राहते, पण कागदावर नसते. या माणसाने पैसे मोजून निवारा नव्हे, तर कायमची धास्ती विकत घेतलेली असते.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 खाली अर्ज करावयाचा. साठ दिवसांत निर्णय कळविला नाही, तर कलम 45 प्रमाणे परवानगी मिळाली असे मानले जाते; मात्र बांधकाम नियमांत बसणारे हवे. नकार आला, तर कलम 47 खाली चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने, मुंबई शहर व काही क्षेत्रे वगळता, दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी ठरल्या मर्यादेत ही वाट आणखी सोपी केली आहे.

मग अडते कोठे? साठ दिवसांची मोजणी अर्ज पोहोचल्यापासून होते, अथवा कार्यालयाने मागविलेल्या खुलाशाचे उत्तर पोहोचल्यापासून. म्हणून मुदत संपता संपता एक त्रुटीपत्र निघते आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. ज्याच्यापाशी आवक क्रमांकाची पोच नाही, त्याचा तर पहिला दिवसच उगवत नाही.

नियमच नकोत, असे मी म्हणणार नाही. सामासिक अंतर सोडावयास लावणारा नियम शेजाऱ्याच्या हवा-उजेडाचे रक्षण करतो. आग लागली तर बंब आत येऊ शकतो. ज्या वस्तीत बोळही उरत नाही, तेथे पहिला बळी गरिबाचाच जातो. आपला आक्षेप नियमाला नाही, त्याच्या विक्रीला आहे.

येथे आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. "साहेबांना सांगून ठेवतो, तुम्ही बांधा," असे आपला कार्यकर्ता म्हणतो, त्या क्षणी हक्काची मेहेरबानी होते. उद्या साहेब बदलले की खोली पुन्हा उघड्यावर पडते. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली, हा दिलासा खरा. पण रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागांवरील बांधकामांना तो लागू नाही, आणि नोटीस म्हणजे परवानगी नव्हे.

म्हणून प्रत्येक प्रभागात आठवड्यातून एक संध्याकाळ एवढ्याच कामासाठी ठेवा. सातबारा किंवा मालमत्तापत्रक पाहा, परवानाधारक तंत्रज्ञाकडून नकाशा करून घ्या, अर्जाची पोच मिळविल्याखेरीज खिडकी सोडू नका आणि त्रुटीपत्राला त्याच आठवड्यात उत्तर द्या. काम संथ आहे, त्यात घोषणा नाहीत. पण ज्याच्या हाती मंजूर नकाशा आहे, तो माणूस पुढच्या वेळी कुणाच्याही दारात हात जोडून उभा राहणार नाही. आपल्याही नाही, आणि तेच आपल्याला हवे आहे.