पिवळ्या गाडीवाले पोटापाण्याला काय करतात?



आज घरचीच गोष्ट सांगते. माझा धाकटा एकोणीस वर्षांचा आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. जेवताना एका हातात पोळी अन् दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलात काय, तर गाड्या. जमिनीला टेकलेल्या, दोन दारांच्या, दोनच माणसं बसतील अशा. मी एकदा म्हटलं, "बाबू, यात तुझी आजी कशी बसेल रे?" तर तो म्हणाला, "आई, ही आजीला बसवायची गाडी नाही." तेवढ्यावर मी विषय सोडला. तिथंच माझं चुकलं.

मागच्या दिवाळीनंतर तो मित्रांसोबत नागपूरला एका हॉलमध्ये सभेला गेला. हॉलच्या दारात पिवळी स्पोर्ट्स कार उभी. कोट घातलेला एक तरुण स्टेजवर आला अन् म्हणाला, "मीही शेतकऱ्याचाच मुलगा. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे सायकल नव्हती. आता बाहेर पाहून घ्या." पोरांनी गाडीजवळ फोटो काढले. बावीस हजार भरून सभासद व्हायचं, मग आपण दोन सभासद आणायचे, त्यांनी दोन-दोन आणायचे. माझ्या पोरानं कॉलेजची फी म्हणून माझ्याकडून घेतलेले पैसे तिथं भरले. ते पैसे मी बचत गटातून उचलले होते. तीन महिन्यांत फोन बंद, कार्यालय बंद. अन् ती पिवळी गाडी? ती दिवसाच्या भाड्यानं आणलेली होती.

पोरगा आठ दिवस धड जेवला नाही. मी रागावले, हेही खरं आहे. पण एका रात्री त्यानं मला जे विचारलं, ते मनात राहिलं. "आई, मग ज्यांच्याकडे खरंच अशा गाड्या आहेत, ते करतात तरी काय?"

प्रश्न खरा होता. मी त्याला म्हटलं, चल, दोघं मिळून शोधू. तो मोबाईलवर पाहत गेला, मी वहीत लिहीत गेले. त्या वहीतलंच आज तुम्हाला सांगते.

पहिला हिशेब किमतीचा. लॅम्बोर्गिनी, फेरारी अशा गाड्या चार कोटींच्या आसपास आणि तिथून पुढे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एका गाडीला जवळजवळ ४,९३० क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरला, तर एका हंगामात साडेनऊशेच्या वर एकर लागतात, अन् त्यात बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी काहीच धरलेलं नाही. "आपल्याकडे चारच एकर आहे," पोरगा म्हणाला, अन् किती दिवसांनी पहिल्यांदा हसला.

मग माणसं पाहिली. पुण्याचे सायरस पूनावाला. घरचा धंदा घोड्यांच्या पैदाशीचा. तरुणपणी त्यांना गाड्यांचं वेड होतं. जग्वारच्या डी-टाइप या रेसच्या गाडीसारखी एक गाडी त्यांनी मित्राच्या मदतीनं बनवूनही पाहिली. पण गाड्यांच्या कारखान्याला लागणारं भांडवल आपल्याकडे नाही, हे लक्षात आल्यावर तो नाद त्यांनी बाजूला ठेवला. त्यांच्याकडची घोडी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात असत, कारण घोड्याच्या रक्तातल्या द्रवापासून धनुर्वाताचं औषध बनतं. ते आपणच का बनवू नये, असं त्यांच्या मनात आलं आणि १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. कोरोनात आपल्यातल्या बहुतेकींनी जी कोविशील्ड घेतली ती तिथलीच. त्या घरात आज भारी गाड्यांचा ताफा आहे. पण आधी लस आली, गाड्या मागून आल्या. माझ्या पोराला हे उलटं वाटत होतं. त्याला वाटायचं, आधी गाडी दिसली पाहिजे, मग पैसा येतो.

दुसरे गौतम सिंघानिया, रेमंडचे. यांना रेसिंगचा इतका शौक की युरोपात जाऊन फेरारीच्या शर्यतीत उतरले, अन् मुंबईत अशा गाडीवाल्यांचा क्लबही काढला. पोटापाण्याचा धंदा मात्र कापडाचा. शेजारच्या यवतमाळात लोहाऱ्याला रेमंडची डेनिमची गिरणी आहे. कापूस वेचणाऱ्या बाईला त्या गाडीचं दारही कधी दिसायचं नाही. हे मी कडूपणानं बोलत नाही, पण डोळ्यांपुढं आलं ते सांगितलं. शिवाय हा वडिलोपार्जित उद्योग आहे. बापजाद्यांनी उभं केलेलं असलं की शौकाला वेळ अन् पैसा दोन्ही मिळतात. हे पोरांना स्टेजवरून कोणी सांगत नाही.

सचिन तेंडुलकरचं तर तुम्हाला माहीतच आहे. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये त्याला फेरारी भेट मिळाली. पुढं तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून केवढा गदारोळ झाला होता! शेवटी त्यानं ती गाडी विकली. फुकट आलेली गाडीसुद्धा फुकट पडत नाही बाप्पा.

आता बायकांचं. इथं पोरगा मागे राहिला अन् मीच पुढं झाले. पुण्याची डायना पुंडोले. शिक्षिका, दोन लेकरांची आई. २०२४ मध्ये तिनं राष्ट्रीय मोटार शर्यतीत सलून गाड्यांच्या गटाचं अजिंक्यपद घेतलं, अन् असं करणारी ती पहिली भारतीय बाई. मुंबईची स्नेहा शर्मा फॉर्म्युला ४ गाड्यांच्या शर्यतीत उतरली, ती पोटासाठी प्रवासी विमान चालवते. रेसिंगला टायर, पेट्रोल, ट्रॅकची फी, सगळा खर्चच खर्च. या दोघींच्या हाताला दुसरं काम आहे. लेकरांना शाळेत सोडून कोणी दीडशेच्या वेगाचा सराव करत असेल, हे वाचून मी घटकाभर तशीच बसून राहिले. माझ्या स्कुटीचा काटा चाळिसाच्या पुढं गेला नाही कधी.

वर्ध्याचा धागाही सापडला. जमनालाल बजाज आपल्या वर्ध्याचे. त्यांच्या घराण्याची बजाज ऑटो. माझ्या सासऱ्यांची चेतक तिचीच, अजून गोठ्याजवळ उभी आहे. त्या बजाजनं २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत हिस्सा घेतला आणि २००८ मध्ये त्या केटीएमनं एक्स-बो नावाची, टपही नसलेली स्पोर्ट्स कार बाजारात आणली. पोरगा म्हणाला, "पाय आई, आपलंही नातं निघालं!"

आणखी एक गोष्ट मी त्याला मुद्दाम वाचायला लावली. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं मोटारसायकलला धडक दिली. दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले, दोघंही मध्य प्रदेशातले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, माझ्या पोराहून लहान, अन् वडील बांधकाम व्यावसायिक. गाडी अशीही हातात येते. त्या दोन इंजिनिअरांच्या आयांचा विचार करत मी त्या रात्री उशिरापर्यंत जागी होते. आपल्याकडून समृद्धी महामार्ग गेला आहे, त्यावर पोरं मोबाईल धरून वेग दाखवतात, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

आता त्या साखळीचं. कागद घ्या. पहिल्या पायरीवर दोन माणसं, दुसरीवर चार, तिसरीवर आठ. विसाव्या पायरीला एकट्या त्या पायरीवर १०,४८,५७६ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख होती, तान्ह्या लेकरांसकट. म्हणून शेवटी येणारे बुडणारच. अशा साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे. तुमच्या गावात कोणी कोट घालून आला, तर त्याला विचारा, "दादा, तुम्ही विकता काय?" वस्तू दाखवता आली नाही, नुसतीच माणसं आणायला सांगितली, तर उठून घरी या. पैसे मोबाईलवरून गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात. आम्ही लाजेपोटी दोन महिने कोणाला बोललो नाही.

शौक वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या माहेरी शंकरपटाच्या जोडीवर काका बदाम-तूप घालायचे अन् काकू लेकरांना फोडणीचा भात. काकांचं बैलांवरचं प्रेम खरंच होतं, खोटं म्हणवत नाही. पण पटात जिंकलेल्या पैशावर ते घर कधी चाललं नाही, ते चाललं तुरीवर आणि काकूच्या दोन म्हशींवर.

पोरगा आता रविवारी बुटीबोरी रस्त्यावरच्या एका गॅरेजात जातो. मिस्त्री त्याला दिवसाचे तीनशे देतो, त्यातले दोनशे माझ्या हातावर ठेवतो. परवा तिथं एक जर्मन गाडी आली होती, तिचं बॉनेट उघडून पाहायला मिळालं म्हणून रात्री अकरापर्यंत बोलत होता. डिप्लोमा झाला की चाकणला गाड्यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून अर्ज करायचं म्हणतो. इतक्या लांब पाठवायला त्याचे बाबा तयार नाहीत. माझं मन अर्धं तयार आहे. गटाचे चार हप्ते अजून बाकी आहेत. ते फिटले की त्या विषयावर बसू, असं आम्ही तिघांनी ठरवलं आहे.