ध्वजदिन : स्मरण आणि ऋण
(सुवर्णमहोत्सवी समारंभात, बेळगाव येथे केलेले भाषण)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात मजसारख्या निवृत्त शिक्षकास चार शब्द बोलण्याचा मान दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ऋण हाच आज माझा विषय आहे.

दरवर्षी ७ डिसेंबरला आपण डब्यात नाणे टाकतो, कागदी ध्वज छातीला लावतो, आणि सायंकाळी तो कोठे पडला हेही आपणांस ठाऊक नसते. मीही पुष्कळ वर्षे असेच केले. एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "गुरुजी, या ध्वजाचे रंग तिरंग्याचे का नाहीत?" मला उत्तर देता आले नाही. त्या मुलाचे वडील सीमेवर कामी आले होते, हे मला मागाहून कळले. त्या दिवसाची लाज अजून मनात आहे.

ते रंग तीन दलांचे आहेत : लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा वायुदलाचा.

या प्रथेचे मूळ पहिल्या महायुद्धाशी जाऊन पोहोचते. ते युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता थांबले. पुढच्या वर्षापासून त्याच घटकेला ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याचा प्रघात पडला. १९२० साली लंडनला, जेथे पूर्वी राजे पुरले जात त्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत, एका अनाम सैनिकास मूठमाती दिली गेली. ज्या आईला पुत्राचे थडगे सापडले नाही, तिला तेच आपल्या पुत्राचे मानता आले. १९२१ पासून तिकडे पॉपीची तांबडी कृत्रिम फुले विकून सैनिकांसाठी निधी जमू लागला. स्मरण आणि साहाय्य यांची गाठ तेव्हाच पडली.

हे युद्ध परक्यांचे होते असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. त्यात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मृत्यू पावले. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे, तिच्या पूर्वीच्या तीन पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. अन्न संपल्यावर, २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले, आणि पुढे कैदेत कित्येकांचा अंत झाला.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, आपल्या सरकारने ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरविला. हेतू तीन : युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील जवान व त्यांच्या कुटुंबांचे कल्याण, आणि माजी सैनिकांना आधार. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. तेथे २५ हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत.

परंतु मंडळी, दगडावर नाव कोरले म्हणून घरातली चूल पेटत नाही. त्या मुलाची आई निवृत्तिवेतनाचा कागद वाचून घेण्यासाठी माझ्याकडे येत असे. तिला दया नको होती. अर्ज नीट भरून देणारा माणूस हवा होता. आपल्या न्यासात वकील आहेत, हिशेबनीस आहेत, शिक्षक आहेत. दर ७ डिसेंबरला न्यासाच्या कचेरीत दोघांनी टेबल मांडून बसावे आणि माजी सैनिकांच्या व वीरपत्नींच्या कागदपत्रांचे काम करून द्यावे, एवढीच माझी विनंती आहे. यास फार द्रव्य लागत नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

डब्यातल्या नाण्याने ऋण फिटत नाही. ते मान्य केल्याची ती केवळ पावती असते. ती हाती असताना आपण स्वस्थ बसू नये, एवढे सांगून आपली रजा घेतो.