चेपॉकचे तेरा बळी

४ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाचा उपांत्य सामना होता. भारताचा संघ ऑस्ट्रेलियाविरुद्ध मैदानात उतरला तेव्हा खेळाडूंच्या दंडांवर काळ्या फिती होत्या. आदल्याच दिवशी, ३ मार्चला, मुंबईत पद्माकर शिवलकर यांचे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी निधन झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ या फिती बांधलेल्या होत्या. भारताने तो सामना चार गडी राखून जिंकला आणि पुढे करंडकही मिळवला. परंतु त्या दिवशी विजयाच्या आनंदाबरोबरच अनेक घरांतून एक प्रश्न ऐकू आला असेल. ज्यांच्यासाठी अवघा भारतीय संघ शोक पाळतो, ते हे शिवलकर कोण? त्यांचे नाव कसोटी खेळाडूंच्या यादीत तर कोठेच सापडत नाही!

वडीलधाऱ्या मंडळींचे या प्रश्नावरचे उत्तर ठरलेले असते. “फार मोठा गोलंदाज. पण बिशनसिंग बेदी त्याच काळात जन्मले, म्हणून याला संधी मिळाली नाही.” हे उत्तर खोटे नाही. तथापि ते अपुरे आहे, इतकेच नव्हे तर काहीसे अन्यायाचेही आहे. एखाद्या माणसाला काय मिळाले नाही एवढेच सांगितले, तर त्याने काय केले हे सांगायचे राहून जाते. शिवलकरांच्या बाबतीत आपणा क्रिकेटप्रेमी मराठी माणसांकडून नेमके हेच घडत आले आहे. आज मला त्यांच्याविषयी थोडे निराळे बोलावयाचे आहे.

हा विषय सिल्वासातील टोकरखाड्यासारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना विशेष जवळचा वाटावा, असे मला वाटते. दादरा आणि नगरहवेलीचा हा मुलूख गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सांदीत वसलेला आहे. १९५४ साली तो पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाला, १९६१ साली भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाला आणि २०२० साली दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. परंतु रणजी करंडकाच्या स्पर्धेत या प्रदेशाचा स्वतंत्र संघ नाही. मुंबईकराला, नागपूरकराला अथवा पुणेकराला आपला संघ जन्मतःच लाभतो. येथल्या मराठी माणसाला तो मनाने निवडावा लागतो आणि ही निवड बहुधा भाषेने केलेली असते. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून सामन्याचे धावते वर्णन मराठीतून ऐकवले, त्या काळापासून मुंबईचा किंवा महाराष्ट्राचा संघ हा राज्याच्या सीमेपलीकडच्या मराठी घरांतही ‘आपला’ झाला. ज्याच्या गावाला संघ नाही असा प्रेक्षक आणि ज्याच्या डोक्यावर देशाची टोपी आली नाही असा खेळाडू, या दोघांचे नाते म्हणूनच मोठे जिव्हाळ्याचे आहे. दोघेही उंबरठ्याच्या बाहेर उभे, आणि तरीही खेळ दोघांचाच!

आता त्या विजयाकडे वळू. १९५८-५९ च्या मोसमापासून मुंबईने रणजी करंडक ओळीने जिंकण्यास प्रारंभ केला. एकामागून एक चौदा विजेतेपदे मिळाली. पंधराव्यासाठी १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासला, चेपॉकच्या मैदानावर झाला. प्रतिस्पर्धी तमिळनाडू. त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे दोन नामांकित फिरकी गोलंदाज होते आणि खेळपट्टी फिरकीला भरपूर साथ देणारी होती. मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत आटोपला. अंतिम सामन्यात एवढी धावसंख्या म्हणजे पराभवाचे आमंत्रणच, असे कोणालाही वाटले असते. परंतु तमिळनाडूचा डाव अवघ्या ८० धावांत संपला. शिवलकरांनी १६ धावांत आठ गडी बाद केले होते.

मुंबईच्या दुसऱ्या डावात ११३ धावा झाल्या आणि तमिळनाडूपुढे १८५ धावांचे लक्ष्य राहिले. या खेपेस त्यांचा डाव ६१ धावांवर कोसळला. शिवलकरांचे बळी पाच, धावा १८. तिसऱ्या दिवशीचा खेळ सुरू झाला आणि पहिल्याच चेंडूवर सामना संपला. मुंबईचा १२३ धावांनी विजय झाला आणि सलग पंधरावे विजेतेपद मिळाले. तमिळनाडूच्या दोन्ही डावांच्या धावा एकत्र केल्या तर त्या १४१ भरतात, म्हणजे मुंबईच्या एकट्या पहिल्या डावापेक्षाही दहांनी कमी. आणि त्या वीस बळींपैकी तेरा एका माणसाचे होते, तेही एकूण ३४ धावांच्या मोलात!

कोणी म्हणेल, खेळपट्टीच तशी होती, चेंडू वळत होता, त्यात कौतुक ते काय? हा आक्षेप वरवर योग्य वाटतो, म्हणून त्याचा थोडा विचार करू. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या बाहेरच्या बाजूस वळतो. खेळपट्टी फार साथ देऊ लागली की चेंडू हातभर वळतो, पण अशा वेळी तो बॅट आणि यष्टी या दोहोंना चुकवून यष्टिरक्षकाच्या हातात जाऊन विसावतो. प्रेक्षक हळहळतात, टाळ्या वाजवतात, गडी मात्र बाद होत नाही. गडी बाद होण्यासाठी चेंडू बॅटच्या रुंदीच्या निम्म्याइतका वळला तरी पुरतो. कितीही वळवता येत असताना हवा तेवढाच वळवणे, मधूनच हाताच्या दिशेने सरळ जाणारा चेंडू टाकणे, आणि चेंडूला उंची देऊन फलंदाजाच्या अपेक्षेपेक्षा वीतभर अलीकडे त्याचा टप्पा पाडणे, हे खरे या विद्येचे मर्म. अनुकूल खेळपट्टी पाहून अधीर झालेला गोलंदाज वेग वाढवतो आणि दिशा गमावतो. शिवलकरांनी वर्षानुवर्षे एकाच टप्प्याची आराधना केली होती. त्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून चाळीस गडी ४०५ धावांत बाद झाले, म्हणजे एका गड्यामागे सुमारे दहा धावा पडल्या. शिवलकरांना मात्र एक बळी तीन धावांहूनही कमी मोलात मिळत होता. खेळपट्टी सर्वांना सारखीच होती. हा फरक हाताचा होता.

श्रोतेहो, या विजयाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो आपण बहुधा विसरतो. ओळीने पंधरा वर्षे जिंकणारा संघ म्हटला की वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर ही नावे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात, आणि ते यथार्थच आहे. परंतु या थोर खेळाडूंना देशासाठी वारंवार दूर जावे लागे. १९७१ च्या आरंभी भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा मुंबईचे हे सारे आघाडीचे खेळाडू त्या संघात होते. इकडे त्याच मोसमात मुंबईने सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राला अंतिम सामन्यात हरवले आणि करंडक राखला. तिकडे पोर्ट ऑफ स्पेनला इतिहास घडत होता आणि इकडे घर सांभाळले जात होते. मागे राहिलेल्यांत शिवलकर होते. ज्याला संघ सोडून कसोटीसाठी जावे लागले नाही, असा पहिल्या प्रतीचा गोलंदाज मुंबईला लाभला, हे मुंबईच्या सातत्यामागचे एक रहस्य होय. त्यांचे दुर्भाग्य ते मुंबईचे भाग्य ठरले. मुंबईच्या विजयांवर आनंदलेल्या प्रत्येक प्रेक्षकावर हे एक ऋण आहे आणि त्याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

आता निवडीच्या प्रश्नाविषयी. त्यात आपण बेदींवर रोष धरण्याचे काही कारण नाही. बेदी हे सदुसष्ट कसोटी सामन्यांत २६६ बळी घेणारे असामान्य गोलंदाज होते. त्यांच्या जोडीला प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन होते. फिरकीचे एवढे वैभव एकाच वेळी कोणत्याही देशाला क्वचितच लाभले असेल. शिवाय शिवलकर फलंदाजीत अगदी तळाला येत, हेही निवड समितीच्या मनात असणार. हरयाणाचे राजिंदर गोयल यांची कथाही हीच. रणजी करंडकात ६३७ बळींचा विक्रम करूनही ते एकही कसोटी खेळले नाहीत. १९७४ साली बंगळूरच्या कसोटीत बेदी संघात नव्हते आणि गोयल यांना बोलावणे आले होते, तरी अंतिम अकरांत त्यांचे नाव लागले नाही. एकाच संघात दोन डावखुरे मंदगती गोलंदाज कशासाठी, असा त्या काळचा हिशेब होता.

काळ कसा बदलतो पाहा! ज्या दिवशी दुबईत शिवलकरांसाठी काळ्या फिती बांधल्या गेल्या, त्याच दिवशी भारताच्या अकरा खेळाडूंत रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल असे दोन डावखुरे मंदगती गोलंदाज होते. दोघांनी मिळून ऑस्ट्रेलियाचे तीन मोहरे टिपले. अर्थात ते दोघेही उत्तम फलंदाज आहेत आणि तो सामनाही मर्यादित षटकांचा होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. तरीसुद्धा एका संघात दोघांची सोय होऊ शकते, हे त्या दिवशी दिसले. पाहण्यासाठी शिवलकर मात्र उरले नव्हते.

प्रथम दर्जाच्या १२४ सामन्यांत शिवलकरांनी ५८९ बळी मिळवले, ते प्रत्येकी वीस धावांहून कमी खर्चात. १९६१-६२ मध्ये सुरू झालेली त्यांची कारकीर्द १९८७-८८ पर्यंत चालली. मध्ये काही वर्षे विश्रांती घेऊन, वयाची सत्तेचाळीस वर्षे उलटल्यावर ते पुन्हा मुंबईसाठी चेंडू टाकू लागले. सुनील गावसकर यांनी आपल्या आदर्श खेळाडूंविषयी लिहिलेल्या पुस्तकात शिवलकर आणि गोयल या दोघांनाही आवर्जून स्थान दिले. २०१७ साली नियामक मंडळाने या दोघांचा कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाच्या जीवनगौरव पुरस्काराने सन्मान केला. शिवलकरांना गाण्याचेही अंग होते. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘हा चेंडू दैवगतीचा’ असे नाव दिले. त्या नावात दैवाचा स्वीकार आहे, पण रडगाणे नाही. टोपी मिळणे अथवा न मिळणे दैवाच्या हाती असेल. सव्वीस वर्षे एका टप्प्यावर चेंडू टाकत राहणे हे मात्र दैवाचे काम नव्हे.

चेपॉकच्या विजयानंतर पुढच्याच मोसमात कर्नाटकाने मुंबईला उपांत्य सामन्यात रोखले आणि विजयांची ती माळ तुटली. म्हणजे पंधरा मण्यांच्या माळेतील शेवटचा मणी शिवलकरांच्या बोटांनी ओवला होता. त्यानंतर मुंबईने पुष्कळ करंडक जिंकले. २०२४ साली वानखेडे मैदानावर विदर्भाला हरवून बेचाळिसावे विजेतेपद मिळवले. त्या सामन्यात धवल कुलकर्णी आपला अखेरचा सामना खेळत होते. कर्णधार अजिंक्य रहाणे यांनी शेवटच्या क्षणी चेंडू त्यांच्या हाती दिला आणि अखेरचा बळी त्यांनीच घेतला. पुढल्या वर्षी, २ मार्च २०२५ रोजी, विदर्भाने नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर करंडक तिसऱ्यांदा पटकावला. दुसऱ्या दिवशी शिवलकर गेले. मराठी मुलखातील एका संघाच्या नव्या यशाचा गुलाल खाली बसण्यापूर्वीच दुसऱ्या संघाच्या जुन्या यशाचा एक शिल्पकार निघून गेला.

सिल्वासातला मुलगा आज चेंडू हातात घेतो तेव्हा त्याच्या प्रदेशाला रणजी संघ नाही, हे त्याला ठाऊक असते. ‘मग खेळून उपयोग काय?’ असे त्याने विचारले, तर त्याला शिवलकरांची गोष्ट सांगावी. पण ती सांगताना प्रारंभ बेदींपासून, निवड समितीपासून किंवा अन्यायापासून करू नये. प्रारंभ चेपॉकपासून करावा. १५१ धावांचे तुटपुंजे पाठबळ, समोर तमिळनाडूचा संघ, हातात चेंडू आणि मनात एकच टप्पा, असे ते चित्र त्याच्यापुढे उभे करावे. आठ बळी, मग पाच बळी, मग विजय, या क्रमाने सांगावे. एवढे ऐकल्यावर तो मुलगा आपण होऊन विचारील, “मग हे कसोटी का खेळले नाहीत?” त्या वेळी उरलेली हकीकत सांगावी. हळहळ वाटायची ती तेव्हा आपोआप वाटेल. तिच्याआधी त्याच्या मनात आदर उभा राहिला असेल, आणि शिवलकरांसारख्या खेळाडूचा पहिला हक्क आपल्या आदरावर आहे.