आजीव वर्गणी आणि कायम निधी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मंडळाच्या जमाखर्चासंबंधी बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. विषय रुक्ष खरा. परंतु आपल्या विद्यार्थ्यांची पारितोषिके कायम निधीच्या व्याजातून दिली जातात, आणि तो निधीच संमेलनाच्या खर्चासाठी मोडावा अशी सूचना काही मंडळींनी केली आहे. म्हणून स्पष्ट बोलणे अवश्य वाटते.

लहान मंडळांचे खरे दुखणे म्हणजे आजीव वर्गणी. समजा, एखाद्या गृहस्थांनी १९७० साली १०१ रुपये भरून आजीव सभासदत्व घेतले आणि ती रक्कम त्याच वर्षी मंडप व पंगतीत खर्ची पडली. मग पुढील पन्नास वर्षे त्यांना पत्रिका, टपाल व स्मरणिका पुरवावयाची कोणाच्या पैशाने? अर्थात नव्या सभासदांच्या! आणि कर्जत, नेरळ, चौक, खोपोलीची तरुण मंडळी कल्याण-डोंबिवलीस वा पुण्यास स्थायिक झाली, की नवे सभासदही आटतात. आजीव वर्गणी ही आगाऊ घेतलेली वर्गणी होय. तिची जागा निधीतच.

निधीस हात लावला नाही तरी तो झिजतोच. १९९५ च्या सुमारास मुदत ठेवीवर शेकडा बारा व्याज मिळे. २०२० साली ते पाच-साडेपाचावर आले. दहा हजारांवर जेथे १२०० रुपये येत, तेथे जेमतेम ५५० येऊ लागले. वह्यापुस्तकांच्या किमती मात्र चढतच गेल्या. सरळव्याजाची उदाहरणे आम्ही वर्गात पुष्कळ घातली, पण त्या गणितांत महागाईस स्थान नव्हते.

अधिक व्याजाच्या लोभाने ठेव कोठेही ठेवणेही बरे नव्हे. आपल्याच जिल्ह्यात पेण अर्बन सहकारी बँकेवर २०१० साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि असंख्य ठेवीदारांचा पैसा अडकला. ठेवविम्याची मर्यादा तेव्हा एक लाख होती. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. पण तीही एका बँकेत एका ठेवीदारास, व्याज धरून. त्याहून मोठी रक्कम दोन बँकांत विभागणे हेच शहाणपणाचे.

तेव्हा आमची सूचना अशी की, संमेलनाचा खर्च चालू वर्गणी व स्मरणिकेच्या जाहिरातींतून भागवावा. न भागल्यास पंगतीतील एक पक्वान्न कमी करावे. आजीव सभासदांनी दरसाल यथाशक्ति रक्कम निधीत द्यावी. आमची यंदाची रक्कम खजिनदारांकडे पोहोचली आहे. पावतीपुस्तक प्रवेशद्वाराजवळील मेजावर ठेविले आहे.